गोणपाटात शिवलेला पियानो

वैष्णवी जिना चढून वर आली तेव्हा तिच्या एका पायात तिची स्वतःची निळी चप्पल होती आणि दुसऱ्या पायात कुणाची तरी भलीमोठी तपकिरी.

देवरावांनी लगेच ओळखलं. घरातून पळून आलेली मुलगी. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेला माणूस, विनातिकीट प्रवासी नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायचा. निदान ते तसं सांगायचे तरी. त्यांनी वहीत लिहिलंसुद्धा : ‘पळून आली. प्रेमप्रकरण?’

“पळून नाही आली,” बिजलीबाई खुर्चीतून न उठता म्हणाल्या. “पळून जाणारी पोरगी चप्पल पाहून घालते, तिले लांब जायचं असते. हे घाईत आली, अन् तिले लवकर परत जायचं आहे. बस व बाई. आधी पाणी पी.”

देवरावांनी वहीतली ओळ खोडली. त्या वहीत खोडलेल्या ओळीच जास्त होत्या.

बिजलीबाई राठोड यांचं ऑफिस पुसदच्या बसस्टँडसमोर झेरॉक्सच्या दुकानावर होतं; निवृत्तीनंतर देवराव तिथे त्यांचे मदतनीस झाले होते. पाटीवर ‘खाजगी तपास’ असं मोठ्या अक्षरात आणि ‘लग्नाच्या स्थळांची चौकशी खात्रीने’ असं बारीक अक्षरात लिहिलं होतं. पोट भरायचं ते बारीक अक्षरांवर. मुलगा पितो का, सांगितलेलं घर खरंच त्याचं आहे का, आधीचं लग्न मोडलं ते कशावरून, हे सगळं बाई चहाचा एक कप संपायच्या आत काढून आणायच्या. पण मोठ्या अक्षरातलं काम आलं की त्यांच्या डोळ्यांत वेगळंच तेज यायचं. आत्ता ते आलं होतं.

वैष्णवी दोन ग्लास पाणी प्यायली आणि तिने सांगायला सुरुवात केली.

अख्ख्या पुसदमध्ये पियानो दोनच. एक तिच्या आजोबांचा, म्हणजे कापसाचा जिनिंग कारखाना असलेल्या किसनरावांचा, कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यातून आणलेला. दुसरा विमलताईंचा. विमलताई संगीताच्या निवृत्त शिक्षिका, त्यांची शाळा बंद झाली तेव्हा शाळेने पियानो त्यांनाच देऊन टाकला. दोन्ही पियानो उभे, भिंतीला लागून ठेवायचे, गोदरेजच्या कपाटाएवढ्या वजनाचे. दोन्ही मालकांचं एकमेकांशी पटत नाही. किसनराव विमलताईंच्या पियानोला खोका म्हणतात आणि विमलताई किसनरावांच्या पियानोला दात असलेलं टेबल.

वैष्णवी आणि तिची मैत्रीण शबाना सहा वर्षं विमलताईंकडे शिकत होत्या. दोघी वाजवणार होत्या ती दोन पियानोंसाठीच लिहिलेली रचना, मोत्झार्टचा सोनाटा. त्यात एका पियानोने वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्याने ते तोंडातून काढून घ्यायचं, दोन जिवलग मैत्रिणी बोलतात तसं. आज संध्याकाळी सहा वाजता जिनिंगच्या गोदामात कार्यक्रम होता. मे महिन्यात कापूस नसतो, गोदाम रिकामंच. तीनशे लोकांना पत्रिका गेल्या होत्या.

“सोमवारी दोन्ही पियानो ट्रॅक्टरवर टाकून गोदामात आणले,” वैष्णवी म्हणाली. “शबानाच्या अब्बूंनी, इम्तियाजचाचांनी, दोन्ही सुरात लावले. आम्ही अख्खा सोनाटा वाजवून पाह्यला. एकदम मस्त. मग कोणी हात लावू नये म्हणून आबांनी दोन्ही पियानो गोणपाटात शिवून टाकले.”

“शिवून?” देवरावांनी विचारलं.

“कापसाच्या गाठीसारखे. दाभण अन् सुतळी घेऊन, स्वतःच्या हातानं. वरून शिवणीवर निळ्या शाईनं सही केली. आम्ही पाच दिवस विमलताईंकडे कीबोर्डवर प्रॅक्टिस केली.”

आज सकाळी आठ वाजता सर्वांसमोर शिवण उसवली. सह्या जशाच्या तशा होत्या. सोनाट्याचा पहिलाच ठोका दोघींनी मिळून मारायचा असतो. त्यांनी मारला. स्टँडवर दोन एसट्यांनी एकदम हॉर्न दिल्यासारखा आवाज आला.

त्यानंतर पाच मिनिटांत सगळा सत्यानाश झाला. किसनरावांनी इम्तियाजवर आरोप केला. सूर लावायचा पान्हा गावात फक्त त्याच्याकडे, त्याच्या मुलीचं नाव पत्रिकेत दुसरं छापलं गेलं म्हणून तो नाराज, आणि बिघडला तो वैष्णवीच्या वाट्याचा, म्हणजे विमलताईंचा पियानो. इम्तियाज पान्हा घेऊन निघून गेला. शबाना म्हणाली, जिथे माझ्या बापाला चोर म्हणतात तिथे मी बसणार नाही.

“ती नसली तर मी कोणासंग वाजवू, मावशी? हे एकटीनं वाजतच नाही.” वैष्णवीने रिकामा ग्लास खाली ठेवला. “नुसता आजचा कार्यक्रम नाही. आज ती गेली तर ती कायमचीच गेली. मला माहीत आहे ना ती.”

बिजलीबाईंनी भिंतीवरच्या घड्याळात पाह्यलं. साडेदहा.

“देवराव, स्कूटी काढा. अन् पोरी, ते दुसरी चप्पल कोणाची आहे ते पाहून ठेव, तो माणूस एका पायानं उन्हात उभा अशीन.”

*

गोदाम म्हणजे टिनाच्या छपराखालची एक लांबलचक खोली, एका बाजूला आठ लाकडी खिडक्या. बाहेर पारा बेचाळीसवर. स्टेजवर दोन्ही पियानो एकमेकांकडे तिरके वळवून ठेवले होते, वाजवताना दोघींना एकमेकींचे चेहरे दिसावेत म्हणून. किसनरावांच्या पियानोची पाठ भिंतीकडे होती आणि विमलताईंच्या पियानोची पाठ शेवटच्या खिडकीकडे.

देवरावांनी आपला तपास सुरू केला. म्हणजे खाली पडलेल्या गोणपाटाच्या दोन घड्यांपैकी एकीवर बसले. ती कुरकुरीत होती आणि टोचत होती, म्हणून उठून दुसरीवर बसले. ही नरम होती, खालून जरा गारही लागत होती. ओल्या गवतासारखा वास येत होता. देवरावांना बरं वाटलं आणि त्यांनी तिथूनच शिवण तपासली. दाभणाच्या भोकांची एकच रांग होती, पुन्हा शिवल्याची खूण कुठेच नव्हती.

“कोणी उघडलं नाही, बाई,” त्यांनी जाहीर केलं. “म्हणजे सोमवारीच काहीतरी करून ठेवलं. तारांच्या खुंट्या हळूहळू ढिल्या होतील अशी सोय.”

बिजलीबाई एकेक खिडकी लावून बघत होत्या. पहिल्या सात खिडक्यांची दारं वाळून इतकी आकसली होती की वाऱ्याने खडखडत होती. आठवीचं दार चौकटीत बसेचना. देवरावांनी खांदा लावून ढकललं. दोन बोटं उघडंच राहिलं.

“सुतार बेकार,” देवराव म्हणाले.

बाई बाहेर गेल्या. जिनिंगच्या अंगणात सगळीकडे सरकी सांडलेली असते, म्हणजे कापसातून निघालेलं बी, पायाखाली खड्यांसारखं. अंगण भाजलेल्या पापडासारखं कोरडं होतं. आठव्या खिडकीखाली मात्र बाई खाली वाकल्या, मातीतून काहीतरी उपटलं आणि रुमालात बांधलं. देवरावांनी डोकावलं. दोन-दोन पानांची पाच-सहा हिरवी रोपटी.

“भाजीले उपयोगी पडतात का?” त्यांनी विचारलं.

बाई तशाच वाकून राहिल्या. जमिनीवर चार चाकांचे बारीक ओरखडे होते, ते त्या बघत होत्या.

किसनरावांचं घर त्याच आवारात. चौऱ्याहत्तर वर्षांचा भरदार माणूस ओसरीवर बसून विंझण्याने वारा घेत होता. मानेवर घामोळ्यांची पावडर थापली होती, डोळे लाल होते आणि दर दोन वाक्यांनी जांभई येत होती. त्यांनी बाईंना ओसरीवरच खुर्ची दिली आणि वैष्णवीला त्यांना वारा घालायला लावलं.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. शिवण त्यांची, सही त्यांची, गोदामाची किल्ली त्यांच्या कमरेच्या करगोट्याला. मधे कोणी गेलंच नाही तर जे झालं ते सोमवारी इम्तियाजच्या हातून झालं. विमलताईंचा खोका बिघडला याचं त्यांना काय, असं त्यांनी विचारलं. पण हे विचारताना ते बाईंकडे न बघता अंगणाकडे बघत होते.

“आबा पाच दिवस झोपले नाहीत नीट,” वैष्णवीने बाहेर आल्यावर सांगितलं. “त्यांच्या खोलीतला कूलर इम्तियाजचाचांकडे दुरुस्तीला दिलाय.”

देवराव स्कूटीवर बसताना कुरकुरले. “एवढा मोठा जिनिंगवाला, अन् पाहुण्याले विंझण्यानं वारा. माझ्या घरी याच्यापेक्षा बरी व्यवस्था आहे.”

*

विमलताईंनी मात्र दार उघडताक्षणी दोघांना कूलरसमोर बसवलं आणि स्वतः दूर, उकाड्यात, दाराशी बसल्या. देवरावांनी डोळे मिटले. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात माणसाची किंमत कळायची एकच रीत आहे, घरधनी त्याला कूलरपासून किती अंतरावर बसवतो.

विमलताईंना सर्वांत जास्त वाईट शबानाचं वाटत होतं. दोन पियानो वाजवणाऱ्यांनी एकमेकांचे हात बघायचे नसतात, त्या म्हणाल्या, एकमेकांचा श्वास बघायचा असतो. हे शिकवायला त्यांना चार वर्षं लागली होती. अशी जोडी परत जमत नाही.

“सोमवारी मी किसनरावांना एवढंच म्हटलं होतं,” त्या म्हणाल्या, “की माझा पियानो पहिल्यांदाच दुसऱ्याच्या घरी राहतोय. टिनाच्या छपराखाली त्याचं लाकूड तडकलं तर? तर सर्वांसमोर म्हणाले, खोक्याला काय होतंय. त्यानंतर मी तिकडे फिरकले नाही. माझा गुडघा म्हणजे तुम्हाला माहीतच आहे.”

बाईंना माहीत नव्हतं. पण पुढची दहा मिनिटं त्यांनी गुडघ्याविषयी ऐकून घेतलं. देवरावांचीही काही हरकत नव्हती, हवा चांगली लागत होती.

तिसरा नंबर अंकुरचा. हा किसनरावांचा पुतण्या, मंडप, डीजे आणि कूलर भाड्याने देणारा. त्याला आजचं गोदाम एका रिसेप्शनसाठी हवं होतं आणि काकांनी ते पियानोला दिलं, म्हणून त्याने घरी सर्वांसमोर सुनावलं होतं की हे टिंगटिंग ऐकायला कोण येणार. देवरावांनी त्याच्या नावाखाली वहीत दोन रेघा ओढल्या.

अंकुरच्या दुकानात उभं राहायलाही जागा नव्हती, पण कूलर एकच होता आणि तो त्याने ताबडतोब देवरावांकडे वळवला.

“हा माझा घरचा,” तो म्हणाला. “भाड्याचे सगळे रविवारपासून बाहेर. लग्नसराई आहे जी, काल ढाणकीहून एक नवरदेवाचा बाप रडत आला, त्यालेबी देऊ शकलो नाही. अन् मी कायले पियानो बिघडवू? मले तर तो उघडता कसा येते ते माहीत नाही.”

“काकांचं कसं काय चाललं सध्या?” बाईंनी सहज विचारलं.

अंकुर हसला. काका म्हातारपणी दयाळू झालेत, त्याने सांगितलं. रोज पहाटे आणि तिन्हीसांजेला बादल्या घेऊन गोदामाच्या मागे जातात. पाखरांना पाणी ठेवतो म्हणतात. रोजच्या सहा बादल्या.

देवरावांना भरून आलं. त्यांनी वहीत किसनरावांच्या नावापुढे लिहिलं : ‘सज्जन.’

*

इम्तियाजचं दुकान मशिदीच्या मागच्या गल्लीत. शिलाई मशीन, बाजाच्या पेट्या, मोटारी, जे काही वाजतं किंवा फिरतं ते तो दुरुस्त करायचा. बाजाची पेटी लावता लावता पियानो लावायला शिकला होता, कोणी शिकवलं नव्हतं. आत घरगुती कूलर चालू होता. त्याच्यासमोर शबाना पाय पोटाशी घेऊन बसली होती. पाहुणे आलेले पाहून ती उठली आणि तिने त्यांना जागा करून दिली.

इम्तियाजने हातातलं काम थांबवलं नाही. बाईंनी दुकानावर एक नजर फिरवली.

“काय काय आलं दुरुस्तीले?”

“दोन मशीन, एक पेटी, कडबा कटरची ही मोटार,” तो म्हणाला.

“कूलर?”

“या साली एकबी नाही आला. लोक नवेच घेऊन राह्यले.” मग तो थांबला. “बाई, सीधी बात विचारा. तुम्हाले वाटते का मी केलं?”

“मले वाटून काय उपयोग. तुमी सांगा, खुंटी ढिली करून ठेवली तर काय होते?”

“तार उतरते. सूर खाली येतो. दुसरं काय होईन?”

बाई शबानाकडे वळल्या. “अन् सकाळी कोणत्या पियानोचा सूर हलला होता, बेटा?”

“विमलताईंच्या.” ती खिडकीबाहेर बघत बोलली. “माझ्या वाट्याच्या, म्हणजे आबांच्या पियानोचा तसाच होता, थोडासाच उतरलेला. विमलताईंचा चढला होता. मधले सगळे सूर चढलेले, एक-दोन नाहीत. मी अब्बूंना सांगत होते, पण तोपर्यंत आबा ओरडायला लागले.”

देवराव एकदम सरळ बसले. त्यांना सुचलं होतं. डफ वाजवणारे डफ जाळावर शेकतात, मग तो चढतो. मे महिना, टिनाचं छप्पर, बेचाळीस डिग्री. पियानो शेकला. केस संपली. हे त्यांनी मोठ्यानेच सांगितलं.

“वा,” बिजलीबाई म्हणाल्या. “मग दुसरा पियानो काय महाबळेश्वरला होता?”

देवराव परत वाकून बसले. शबानाला हसू आलं, तिने ते दाबलं. सकाळपासूनचं पहिलंच असावं.

बाई उठल्या. “इम्तियाज, दीड वाजता गोदामात या. पोरीले घेऊन.”

“मी तिथं नाही येणार.”

“वाजवायले बोलवून नाही राह्यली मी तुम्हाले. ऐकायले बोलवून राह्यली. अन् पान्हा घेऊन या.”

*

दीड वाजता गोदामात सगळे जमले. एका बाजूला इम्तियाज आणि शबाना, दुसऱ्या बाजूला किसनराव आणि वैष्णवी, आणि मधे इतकी जागा की तिथून ट्रॅक्टर गेला असता. विमलताई खुर्चीवर. अंकुर दाराशी, फोन कानाला लावून. एका नवरदेवाच्या बापाला तो समजावत होता.

बिजलीबाईंनी रुमाल सोडला आणि रोपटी पियानोवर ठेवायला गेल्या.

“पियानोवर काही ठेवायचं नाही,” विमलताई म्हणाल्या.

बाईंनी ती देवरावांच्या तळहातावर ठेवली. देवराव तसेच हात पसरून उभे राहिले, प्रसाद घेतल्यासारखे.

“किसनराव, हे काय आहे?”

“सरकी उगवली आहे,” किसनराव म्हणाले. “पराटीचं, कापसाचं रोप.”

“पेरल्यावर किती दिवसांनी असं दोन पानांवर येते?”

“गरमीत पाचसहा दिवस.” मग ते थांबले.

“पाणी असलं तर,” बाई म्हणाल्या. “तुमच्या अंगणात सरकी सगळीकडे आहे, उगवली फक्त त्या आठव्या खिडकीखाली. म्हणजे तिथं पाच दिवस पाणी ठिबकत होतं. तिथंच चार चाकांचे ओरखडे. त्याच खिडकीचं दार चौकटीत बसत नाही, कारण लाकूड फुगलं. बाकी सात खिडक्या वाळून खडखडून राह्यल्या. त्या खिडकीसमोर काय आहे? विमलताईंच्या पियानोची पाठ. अन् त्या पियानोचं गोणपाट अजून गार आहे. देवरावांनी सकाळी त्याच्यावरच बसून तपास केला.”

देवरावांना आपला एवढा मोठा वाटा आहे हे आत्ताच कळलं.

“इम्तियाज, या पियानोच्या पाठीत काय असते?”

“लाकडाचा मोठा पातळ पाट,” इम्तियाज म्हणाला. तो नकळत दोन पावलं पुढे आला होता. “त्याच्यावरून तारा जातात. पाट फुगला तर तारायले बाहेर ढकलीन, तारा ताणतीन, अन्...” त्याने कपाळावर हात मारला. “सूर चढीन. मधला सगळा. या अल्ला.”

“किसनराव, तुमी शेतकरी आहात,” बाई म्हणाल्या. “उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ढिली झाली तर काय करता?”

“चाक पाण्यात टाकतो,” किसनराव हळू आवाजात म्हणाले. “लाकूड फुगते. धाव घट्ट बसते.”

“तेच झालं. कोणी शिवण उसवली नाही, पान्हा लावला नाही, खुंटी फिरवली नाही. कोणीतरी खिडकी उघडून पाच दिवस, रात्रंदिवस या पियानोच्या पाठीवर कूलर सोडला. आज सकाळी लोक यायच्या आत हटवला. आता सवाल एवढाच की कूलर कोणाचा.”

अंकुरने फोन कानावरून काढला. “माझे सगळे लग्नात आहेत.”

“माहीत आहे. अन् तुझा घरचा दुकानात आहे, विमलताईंचा त्यायच्या घरी आहे, इम्तियाजचा त्याच्या घरी आहे. आज आम्ही तीन घरी गेलो अन् तिन्ही घरी लोकायनं आम्हाले कूलरसमोर बसवलं. फक्त गावातल्या सगळ्यात मोठ्या घरी विंझणा हलवून राह्यले होते. देवरावांनी त्याची तक्रारही केली, मी तेव्हाच ऐकायले पाह्यजे होतं. त्या घरचा माणूस पाच दिवस झोपला नाही, मानेवर घामोळ्या आल्या. घरी सांगितलं की कूलर इम्तियाजकडे दिला. इम्तियाजकडे या साली एकही कूलर आला नाही. अन् रोज सहा बादल्या पाणी कोणती पाखरं पितात, किसनराव? तुमच्याकडे शहामृग आहेत का?”

टिनाचं छप्पर उन्हाने कडकड वाजत होतं. वैष्णवी आजोबांकडे बघत होती.

किसनरावांनी करगोट्याची किल्ली काढली, गाठींच्या खोलीचं कुलूप उघडलं आणि आतून चाकांचा स्टँड ओढत आणला. त्यावर त्यांचा कूलर, वाळ्याचं गवत अजून ओलं.

“मले माहीत नव्हतं,” ते म्हणाले. “देवाशपथ, मले वाटलं इम्तियाजनंच केलं. याचा अन् त्याचा काही संबंध अशीन असं डोक्यातच नाही आलं.”

“पण माझ्या पियानोला कूलर?” विमलताई म्हणाल्या. “तुम्ही तर खोका म्हणालात.”

किसनरावांनी कूलर त्या पियानोपासून दूर सरकवला.

“तो पाहुणा होता,” ते म्हणाले. “माझा पियानो घरचा आहे, तो सोसते. पण तुमी म्हटलं, लाकूड तडकीन, तर मले राहवलंच नाही. पाहुण्याले उकाड्यात ठेवून आपण कूलरसमोर झोपतो का कोणी? अन् चार लोकात खोका म्हटल्यावर, सांगू कोणत्या तोंडानं? म्हणून चुपचाप ठेवला.”

विमलताईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या.

किसनराव इम्तियाजकडे वळले. “सकाळी चार लोकात तुले चोर म्हटलं. हे पाहा, आताही लोक आहेत. कमी वाटत असतीन तर सहा वाजता तीनशे येणार आहेत, त्यायच्यासमोर स्टेजवर चढून म्हणतो. मी चुकलो, इम्तियाज.”

“मले नका सांगू, काका,” इम्तियाज म्हणाला. “मी निघून गेलो, माझं झालं. पोरीले सांगा. तिनं ऐकलं ते.”

किसनराव शबानासमोर जाऊन उभे राहिले. चौऱ्याहत्तर वर्षांचा जिनिंगमालक सोळा वर्षांच्या मुलीसमोर, हात कुठे ठेवावेत हे न कळून.

“बेटा, तुझ्या अब्बूसारखा कारागीर या तालुक्यात नाही. हे मले माहीत असून मी तसं बोललो. तू म्हणशीन ते करतो.”

शबानाने विचार केला.

“सकाळी अब्बू सहा वाजता आले होते,” ती म्हणाली. “त्यांना कुणी चहासुद्धा विचारला नाही.”

किसनराव घराकडे निघाले. वैष्णवी म्हणाली, आबा, मी करते. ते म्हणाले, तू नाही, मीच. जन्मात त्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. पाऊण तासाने ते स्वतः ट्रे घेऊन आले. चहात साखर इतकी होती की चमचा उभा राहिला असता, आणि पत्ती मात्र टाकायची राहिली होती. इम्तियाजने तो कप एका दमात संपवला, कपाळावर एकही आठी न आणता, आणि दुसरा मागितला.

मग पान्हा काढला.

“लाकूड आता सुकत जाईन, काका. मी बसवलेला सूर उद्या पुन्हा उतरीन. पण उद्याचं उद्या पाहू. आज आठ वाजेपर्यंत टिकवतो. शेवटचा हात पावणेसहाला मारीन, अन् कार्यक्रम संपेपर्यंत इथं कोणी पंखासुद्धा लावायचा नाही.”

*

सहा वाजता तीनशे लोक गोदामात घाम पुसत बसले होते आणि एकही पंखा चालू नव्हता. अंकुर माईक लावायला आला होता, विमलताईंनी त्याला परत पाठवलं आणि मग पहिल्या रांगेत बसायला लावलं. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर किसनराव होते, इस्त्रीच्या धोतरात, अगदी अवघडून.

इम्तियाजने विमलताईंच्या पियानोचं वरचं झाकण बंद केलं, मुलीकडे बघून मान हलवली आणि बाजूला भिंतीला टेकून उभा राहिला.

शबाना आणि वैष्णवी येऊन बसल्या. माना जराशा वळवून दोघींनी एकमेकींकडे पाह्यलं. वैष्णवीने ओठांनी काहीतरी विचारलं. शबानाने खांदे उडवले, म्हणजे चालेल. मग दोघींचे खांदे एकदमच वर गेले. एकच श्वास, दोन छातींत.

चार हात खाली आले.

गोदामाच्या टोकापर्यंत एकच ठोका गेला, स्वच्छ, भरलेला. आणि मग दोघी सुटल्याच. एकीने वाक्य टाकायचं, दुसरीने ते उचलून पळायचं, पहिलीने मागून येऊन गाठायचं. देवरावांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्यांचा पाय आपोआप हलायला लागला होता. किसनराव विमलताईंकडे झुकून काहीतरी विचारायला गेले. त्यांनी न बघताच हात वर करून त्यांना गप्प केलं.

शेवटी देवरावांना राहवलं नाही. “बाई,” ते कुजबुजले, “यातला कोणता कोणाचा?”

“ओळखू येते का तुम्हाले?”

देवरावांनी डोळे मिटून, कान देऊन, अगदी मनापासून प्रयत्न केला.

“नाही,” ते म्हणाले.

“मग झालं तर,” बिजलीबाई म्हणाल्या, आणि देवरावांच्या हातातली वही काढून घेऊन त्या वहीनेच स्वतःला वारा घालायला लागल्या.